मोल कशाचे?



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीला आमची एक जुनी सहकारी उशिरा आली. आल्या आल्या म्हणाली, "या महिन्याचा माझा हप्ता जमायचा नाही गं. घरात गोंधळ झालाय." गोंधळ काय, तर कॉलेजात जाणाऱ्या तिच्या मुलाने एका नामवंत क्रिकेटपटूची सही असलेली बॅट इंटरनेटवरून मागवली होती. किंमत साडेसहा हजार रुपये. पैसे आईचे. शिलाईच्या नव्या यंत्रासाठी तिने गटातून कर्ज उचलले होते, त्यातले. बॅटबरोबर एक जाड कागदाचे प्रमाणपत्रही आले. सोनेरी कडा, कोपऱ्यात चकचकीत शिक्का, खाली कुणा तज्ज्ञाची लफ्फेदार सही. चार दिवसांनी कळले की शेजारच्या आळीतल्या मुलानेही तशीच बॅट मागवली आहे. दोन्ही बॅटी शेजारी शेजारी ठेवल्या, तर सही रेघेला रेघ, ठिपक्याला ठिपका जुळत होती.

हे ऐकून बैठकीत एक बाई मोठ्याने हसली. ती म्हणाली, "बँकेत माझी सही जुळत नाही म्हणून साहेब तीनदा परत पाठवतो. आणि याची सही इतकी जुळते म्हणून खोटी!" साक्षरता वर्गात सही शिकलेल्या आपल्या साऱ्याजणींना हे कुणी सांगायला नको. जिवंत माणसाचा हात दोनदा अगदी तसाच चालत नाही. छापाचा चालतो.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काहीजणींना वाटेल. हुंडा, हिंसा, रेशन, रोजगार हे प्रश्न समोर असताना बॅटीवरच्या सहीची चर्चा कुणी करावी? पण त्या बैठकीत जे बोलणे निघाले, ते बॅटीवर थांबले नाही. माणसे कशाला मोल देतात, कुणाच्या पैशाने देतात आणि कुणाचे काम त्या हिशेबातून गळते, इथपर्यंत ते गेले. म्हणून या वेळचे संपादकीय याच विषयावर.

खेळाडूंच्या वस्तू जमवण्याचा छंद जुना आहे. आता त्याची फार मोठी बाजारपेठ झाली आहे. खेळाडूने घातलेला सदरा, सही केलेला चेंडू, पत्त्याएवढे चित्रकार्ड, सारे विकले जाते. आणि जिथे एवढा पैसा येतो तिथे खोटेपणा येतोच. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने, एफबीआयने, 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोठी मोहीम चालवली. कॅलिफोर्नियातली एक टोळी नामवंत खेळाडूंच्या खोट्या सह्या करून चेंडू, बॅटी आणि छायाचित्रे विकत होती. जिवंत खेळाडूंच्या सह्या होत्या, मरून पन्नास वर्षे झालेल्यांच्याही होत्या. या टोळीने बेसबॉलच्या चेंडूवर चक्क मदर तेरेसांचीही खोटी सही करून विकली! कलकत्त्याच्या गल्ल्यांत आयुष्य घालवलेल्या बाईंनी बेसबॉलवर सही कधी आणि कशासाठी केली असेल, असा प्रश्न घेणाऱ्याला पडला नाही. कारण चेंडूबरोबर अस्सलतेचे प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र देणारे तज्ज्ञही त्या साखळीतलेच होते, ही गोष्ट तपासात पुढे आली.

खोटी सही हा सरळ गुन्हा झाला. याहून अवघड प्रकार वेगळा आहे. तिथे फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, आणि झाली नाही असेही म्हणवत नाही.

मॅराडोनाचे उदाहरण घ्या. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिको सिटीत अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्यातल्या सामन्यात त्याने हाताने ढकलून जो गोल केला, तो 'देवाचा हात' म्हणून जगभर गाजला. त्या वेळचा म्हणून सांगितलेला त्याचा सदरा मे २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात ७१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. लिलावाआधी मॅराडोनाच्या मुलीने जाहीरपणे सांगितले होते, की हा सदरा पहिल्या अर्ध्या डावातला आहे. दोन्ही गोल तर दुसऱ्या अर्ध्या डावात झाले होते. लिलावगृहाने छायाचित्रांशी धागान् धागा ताडून पाहिल्याचे सांगितले आणि सदरा तोच असल्याचा निर्वाळा दिला. खरे काय ते ठरवणे आपले काम नाही. पण घरातल्या बाईचा शब्द एका पारड्यात आणि तज्ज्ञाचा कागद दुसऱ्या पारड्यात पडला, तेव्हा बोली लावणाऱ्याने कोणते पारडे धरले, एवढे मात्र दिसते. आणि गंमत अशी, की ज्या गोलामुळे त्या सदऱ्याला ही किंमत आली, तो गोलच मुळी लबाडीचा होता!

दुसरा प्रकार कार्डांचा. बेब रूथ हा अमेरिकन बेसबॉलचा दंतकथा झालेला खेळाडू. २००३ साली तिथल्या एका कार्ड कंपनीने त्याचा एक जुना सदरा सुमारे २ लाख ६४ हजार डॉलरला विकत घेतला आणि कात्रीने त्याचे बारीक तुकडे करून ते कार्डांत चिकटवून विकले. अनेकांनी हळहळ व्यक्त केली, तरी तुकडे खपले. आता असे तुकडे घातलेली हजारो कार्डे निघतात. त्यांतल्या कितीतरी कार्डांच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते, की आतला कपडा कोणत्याही विशिष्ट सामन्यातला किंवा हंगामातला नाही. म्हणजे कंपनी खोटे बोलत नाही. ती मागच्या बाजूला खरे बोलते आणि पुढच्या बाजूला स्वप्न विकते. घेणारा मागची बाजू वाचत नाही. वाचली तरी मनावर घेत नाही.

इथे घेणाऱ्याला मूर्ख म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मैत्रिणीच्या मुलालाही बैठकीत काहीजणींनी तसे म्हटले. पण मुलगा मूर्ख नाही. त्याला मैदानाच्या जवळ जायचे होते. मैदान परवडत नाही, प्रशिक्षण वर्गाची फी परवडत नाही, म्हणून त्याने मैदानाचा एक तुकडा घरी मागवला. त्याची भूक खरी होती आणि त्या भुकेवरच बाजार चालतो. आपला प्रश्न वेगळा आहे. ती भूक भागवताना त्याने आईच्या कर्जाला हात लावला आणि विचारले नाही. शिलाईचे यंत्र म्हणजे आईची मिळकत, पण घराच्या लेखी ते 'आईचे पैसे', म्हणजे कधीही घ्यावेत असे. मुलाच्या लेखी नामवंत माणसाच्या सहीला मोल होते. त्याच घरात रोज आठ तास शिवणाऱ्या हातांचे मोल मात्र त्याने कधी मोजले नव्हते.

आता या बाजारात बाया कुठे आहेत ते पाहू.

एक तर त्या सुरुवातीला आहेत. ज्या चेंडूवर सही होते, तो चेंडू कुणीतरी शिवलेला असतो. पाकिस्तानातले सियालकोट शहर जगभर फुटबॉल पुरवते. तिथल्या खेड्यापाड्यांत बायका आणि मुले नगावर चेंडू शिवत. बालमजुरीवरून जगभर ओरड झाली, तेव्हा फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटा येथे करार झाला आणि शिलाई घरांतून नोंदणीकृत केंद्रांत गेली. मुलांना या कामातून सोडवणे आवश्यकच होते. पण घराबाहेरच्या केंद्रात जाण्याची मुभा नसलेल्या कितीतरी बायकांची मिळकत त्या बदलात बुडाली. पुढे २०१४ च्या विश्वचषकाचा 'ब्राझूका' चेंडू सियालकोटच्या कारखान्यात तयार झाला, तेव्हा त्या कामावर मोठ्या संख्येने बायकाच होत्या. आपल्याकडे जालंधर आणि मेरठ इथेही घरबसल्या चेंडू शिवणाऱ्या बायका नगावरच मजुरी घेत आल्या आहेत. चेंडूवर खेळाडूची सही झाली की त्याची किंमत हजारपट होते. शिवणारीची सही त्यावर नसते, आणि तिच्या खरेपणाचे प्रमाणपत्र कुणी मागत नाही.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे ज्यांच्या वस्तू घेतल्या जातात त्यांच्या यादीत, बाया फार उशिरा आणि फार थोड्या आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये बेब रूथचा १९३२ सालचा सदरा २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेला. महिला खेळाडूच्या कार्डाचा विक्रम झाला जुलै २०२५ मध्ये. बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कचे कार्ड ६ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. स्त्री-खेळाडूला भाव आला म्हणून अनेकांनी टाळ्या वाजवल्या. आपणही वाजवाव्यात का? वाजवण्याआधी एक हिशेब पाहा. २०२४ च्या पहिल्या हंगामात महिला बास्केटबॉल लीगकडून क्लार्कचा मूळ पगार होता ७६ हजार ५३५ डॉलर. म्हणजे कार्डाच्या एका तुकड्याला तिच्या आठ वर्षांच्या पगाराहून अधिक किंमत आली. कार्ड एका हातातून दुसऱ्या हाती जाते, तेव्हा तो पैसा विकणाऱ्याचा असतो, खेळणारीचा नव्हे. त्याच जुलै महिन्यात त्या लीगच्या खेळाडू 'आमचे देणे आम्हाला द्या' अशा अर्थाचे शब्द लिहिलेले सदरे घालून मैदानात उतरल्या होत्या. भाव आला तो तिच्या चित्राला. तिच्या श्रमाचे भांडण वेगळेच चालू राहिले.

म्हणूनच 'बायकांच्याही वस्तू महाग विकल्या जाव्यात' एवढीच मागणी आपण करू शकत नाही. उद्या आपल्या मुलींच्या खोट्या सह्यांच्या बॅटी बाजारात येतील. ती समता नव्हे.

आता पुन्हा त्या बैठकीकडे येऊ. बोलता बोलता त्या मैत्रिणीला कुणीतरी विचारले, "तू तर कबड्डी खेळायचीस ना गं?" ती म्हणाली, "हो की. जिल्ह्याच्या संघात होते. प्रमाणपत्र होतं." आता ते कुठे आहे? लग्नात ट्रंकेतून सासरी आले. पुढे एका पावसाळ्यात डाळीच्या डब्यांखाली घालायला कागद हवा होता, तेव्हा ते गेले. कुणी मुद्दाम फाडले नाही. तिने स्वतःच घातले. "माहेरच्या नावाचं होतं, इथं कुणाला काय दाखवायचं?" एवढेच ती म्हणाली.

क्षणभर कुणी बोलले नाही. एका घरात दोन प्रमाणपत्रे. एक खोटे, ते काचेच्या कपाटात. एक खरे, ते डाळीच्या डब्याखाली.

संग्राहक सांगतात, की जुन्या वस्तूचे मोल तिच्या साखळीवर ठरते. ती कुणाकडून कुणाकडे आली, नाव कुठे नोंदले आहे, मधला दुवा तुटला तर नाही ना? आता ही साखळी बाईच्या आयुष्याला लावून पाहा. लग्नाबरोबर घर बदलते, आडनाव बदलते, कुठे कुठे पहिले नावही बदलते. शाळेच्या नोंदवहीत एक नाव, रेशनकार्डावर दुसरे. ढाल शाळेच्या कपाटात, छायाचित्र भावाच्या घरी, बूट धाकट्या बहिणीला दिलेले. दुवा प्रत्येक ठिकाणी तुटतो. मग कुणीतरी म्हणते, आमच्या गावात मुली कधी खेळतच नव्हत्या. त्या खेळत होत्या. पण पुरावा जपण्याजोगा आहे असे कुणाला वाटले नाही, बहुतेक वेळा त्यांना स्वतःलाही नाही.

आपल्याकडच्या महिला क्रिकेटचेच पाहा. १९७३ साली भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. तीन संघ होते. १९७६ साली पाटण्याला वेस्ट इंडीजविरुद्ध आपल्या मुलींनी पहिला कसोटी विजय मिळवला. त्या सामन्यातली यष्टी कुणी लिलावात मागितल्याचे तुम्ही ऐकले आहे का? २००५ च्या विश्वचषकात आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्या वेळी सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचे कर्णधार मिताली राजने पुढे सांगितले. २००६ मध्ये महिला क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. पुरुषांइतके सामना-मानधन जाहीर व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडले. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. शेवटचा झेल हरमनप्रीत कौरने घेतला आणि तो चेंडू खिशात टाकला. आमच्यापैकी अनेकजणींना त्या सामन्यातले तेवढेच दृश्य लख्ख आठवते. तिला त्याचे मोल कुणी सांगावे लागले नाही, आणि शिक्क्याचे प्रमाणपत्रही लागले नाही.

मोलाचा विषय निघाला की आणखी एक दिवस आठवतो. ३० मे २०२३. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून महिला कुस्तीगीर दिल्लीत महिनाभर धरणे धरून बसल्या होत्या. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून फरपटत नेले. दोन दिवसांनी साक्षी मलिक, विनेश फोगाट आणि बजरंग पुनिया आपली पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेले. शेतकरी नेते नरेश टिकैत यांनी समजूत घालून पदके ताब्यात घेतली, म्हणून ती वाचली. पुढे जूनमध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. आरोप अध्यक्षांनी नाकारले आहेत. त्या दिवशी बऱ्याच मंडळींना पदकांची काळजी वाटली. देशाची संपत्ती आहे, अशी कशी बुडवता, असे ती म्हणाली. साक्षीचे पदक म्हणजे ऑलिंपिकमध्ये भारतीय महिला कुस्तीगिराला मिळालेले पहिले पदक. पण ते मिळवणाऱ्या देहाची, त्या देहाच्या प्रतिष्ठेची काळजी तितक्याच जणांना वाटली का? वस्तू जपायची आणि बाई सोडायची, ही सवय लिलावाच्या बाजाराने निर्माण केलेली नाही. बाजाराने ती फक्त आपल्याकडून उचलली आहे.

मग करायचे काय?

पहिले, फसवणुकीबद्दल. "आपलीच चूक" म्हणून गप्प बसू नका. इंटरनेटवरून घेतलेला माल खोटा निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. २०२० च्या नियमांनुसार विक्रीचे संकेतस्थळ चालवणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याच्या आत निवारण द्यायचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पैशांची ऑनलाइन लुबाडणूक झाली तर १९३० वर लगेच कळवावे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आमच्या मैत्रिणीने मुलालाच तक्रार लिहायला बसवले. हेही शिक्षणच.

दुसरे, घरातल्या हिशेबाबद्दल. गटाचे कर्ज घरात कशावर खर्च होते, ते कोण ठरवते आणि बाईच्या मोबाईलचा गुप्त क्रमांक कुणाकुणाला ठाऊक असतो, यावर प्रत्येक गटात एकदा मोकळेपणी बोलणे व्हायला हवे. मुलांशीही बोलायला हवे, रागावून नव्हे. त्याला बॅट हवी होती, तर सहीविना खेळायची बॅट कमी पैशांत आली असती. ती त्याच्या बहिणीच्याही हाती गेली असती.

तिसरे काम आपले स्वतःचे. येत्या ८ मार्चला गावोगावच्या गटांनी एक छोटे प्रदर्शन भरवावे, असे आम्ही सुचवतो. विषय एकच, आमच्या गावात खेळलेल्या बाया. खो-खो, कबड्डी, लंगडी, धावणे, कुस्ती, काहीही. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक आपल्या मुलींनी जिंकला, त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राचीच प्रियंका इंगळे होती. तिच्या आधी ज्या पिढ्या अनवाणी धावल्या, त्या अजून आपल्या वस्त्यांत आहेत. त्यांच्याकडे जा. ट्रंका उघडायला सांगा. प्रमाणपत्र, छायाचित्र, बिल्ला, जे सापडेल त्याच्यामागे चार ओळी लिहा. खेळतानाचे नाव, आताचे नाव, साल, मैदान आणि सोबतच्या मुलींची नावे. ज्यांच्याकडे काहीच उरले नसेल, त्यांचे बोलणे लिहून घ्या. विकण्यासाठी नव्हे. आपल्या मुलींनी विचारले तर उत्तर देता यावे म्हणून.

आमच्या मैत्रिणीच्या संघातल्या दोघीजणी शेजारच्या तालुक्यात राहतात, असे तिने शोधून काढले आहे. त्यांच्यापैकी एकीकडे संघाचे छायाचित्र आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी ती. पुढच्या बैठकीला ती ते घेऊन येणार आहे, आणि हप्त्याचे अर्धे पैसेही.

तुमच्या गावातून काय सापडते ते आम्हाला जरूर कळवा. निवडक मजकूर पुढच्या अंकात छापू.

— संपादक मंडळ